गावभागातून विश्रामबागेत

सांगलीत घर बघायला निघालेला माणूस खोल्या किती आणि हॉल केवढा हे नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, २०१९ साली इथे पाणी आले होते का? आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांना गेली की इशारा आणि ४५ फुटांना गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि त्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता. गावभागातील, म्हणजे जुन्या सांगलीतील, आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर तेव्हा पुरुषभर पाणी होते. २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा आले. त्या मानाने कमी, पण आले. मी गणपती पेठेतील आणि मार्केट यार्डातील काही अडत दुकानांचे हिशेब लिहिते. अलीकडचे सारे संगणकात असल्यामुळे वाचले, पण जुन्या खतावण्या भिजून दुपटीने फुगल्या, पानांच्या मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून त्या गच्चीवर उभ्या करून वाळवल्या, तरी हळदीच्या पोत्यांचे आकडे असलेल्या पानांवर निळ्या शाईचे नुसते ढग उरले. त्या वर्षांचे हिशेब व्यापाऱ्यांकडच्या पावत्यांवरून मला नव्याने मांडावे लागले.

दुसऱ्या पुरानंतर घरात बसून ठरले ते असे: माझे दीर आणि जाऊबाई वाड्यातच माडीवर राहतील, कारण दिरांचे दुकान हरभट रोडला आहे आणि दुकानापासून लांब जाण्याची त्यांची तयारी नव्हती, आम्ही दोघे आणि सासूबाई उंच भागात घर पाहू. सांगलीत उंच भाग म्हटले की बहुतेकांचे बोट विश्रामबागेकडे वळते. सांगली-मिरज रस्त्यावर १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांची विस्तीर्ण झाडीची आवारे आहेत आणि त्यांच्या आसपास प्लॉट पाडून वसलेल्या कॉलन्या आहेत. गावभागातल्या लोकांच्या मनात या भागाविषयी आदर आणि थट्टा यांचे मिश्रण असते. आमचा बेत ऐकल्यावर शेजारचे काका म्हणाले होते, “तिकडं काय ओ, प्रोफेसर-डॉक्टरांची वस्ती. संध्याकाळी सातनंतर कुत्रंसुद्धा विचारून भुंकतंय.”

घर शोधताना आम्ही एजंटांच्या सांगण्यावर विसंबलो नाही. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. दाखवले जाणारे प्रत्येक घर आम्ही आधी या नकाशावर पाहत होतो. परंतु नदीचे पाणी येत नाही म्हणजे पाणीच येत नाही असे नसते. पूर्वीचे ओढे-नाले बुजवून त्यांवर जेथे प्लॉट पडले, तेथे नदी शांत असतानाही मोठ्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, आणि ते नकाशाच्या रेषेत दिसत नाही. म्हणून पाऊस धो-धो लागला की आम्ही छत्री घेऊन घरे बघायला बाहेर पडत असू, ज्याचे एजंट मंडळींना फार आश्चर्य वाटे. ज्या घराच्या फाटकापाशी पावसात चप्पल भिजते, त्या घराबद्दल एजंट काय म्हणतो याला महत्त्व राहत नाही. त्याचप्रमाणे आवडलेल्या घरासमोर सकाळी सहाला आणि रात्री दहानंतर जाऊन उभे राहण्याचाही प्रघात आम्ही ठेवला. शंभर फुटी रस्त्याला लागून असलेला एक सुरेख बंगला केवळ रात्रीच्या अशा एका फेरीमुळे आम्ही सोडला. दुपारी तिथे जी शांतता दाखवली गेली, ती रात्री मालट्रक सुरू होईपर्यंतचीच होती.

शेवटी मिळाले ते घर मुख्य रस्त्यापासून आत, एका जुन्या कॉलनीत आहे. पाच गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे साडेपाच हजार चौरस फुटांना थोडा कमी. त्यावर सत्तरच्या दशकात बांधलेला एकमजली बंगला, मोझाईकची फरशी, पुढे पोर्च, मागे दोन नारळ आणि फाटकावर बोगनवेल. ज्या प्राध्यापकांनी तो बांधला ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही वारले होते आणि मुले बाहेरगावी होती: एक मुलगा पुण्यात, मुलगी बेळगावात आणि धाकटा मुलगा अमेरिकेत. घर दोन वर्षे बंद होते. अशी बंद घरे या भागात पुष्कळ आहेत. आईवडील गेले की मुले दिवाळीत येऊन जळमटे काढतात, काही वर्षांनी तेही थांबते, आणि मग फाटकावर कोणाचा तरी फोन नंबर लिहिलेली पाटी लागते.

कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले, कारण घरात कागद वाचण्याची सवय मलाच आहे. आमच्या प्लॉटचा सिटी सर्व्हे झालेला असल्याने सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक हा मुख्य कागद होता, आणि त्यावर अजून दिवंगत प्राध्यापकांचेच नाव होते. वारसांची नावे लागल्याशिवाय खरेदीखत करायचे नाही, हे मी पहिल्या बैठकीतच सांगितले. पुण्याचे भाऊ थोडे नाराज झाले. त्यांचे म्हणणे, तिघेही वारस सही करायला तयार आहेत तर आधी व्यवहार उरकू आणि नोंद मागाहून लावू. व्यवहार असेही होतात, पण ज्या नोंदीसाठी विक्रेत्याला घाई नसते, ती पैसे हातात पडल्यावर कोणीच लावत नाही, हे मी व्यापाऱ्यांच्या दप्तरांत वर्षानुवर्षे पाहिले आहे. वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, नोटिसा आणि हरकतीची मुदत यांत बराच काळ गेला. तेवढ्या वेळात वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल, काढला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आणि मी मूळ रेखांकन मंजुरी, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवाना व पूर्णत्वाचा दाखला असे सारे कागद मागून घेतले. पूर्णत्वाचा दाखला मिळायला वेळ लागला. तो प्राध्यापकांच्या कपाटात, विजेच्या बिलांच्या जाड फायलीत सापडला. १९७० च्या दशकापासूनचे प्रत्येक बिल त्यांनी क्रमाने लावून ठेवले होते. त्या फायलीमुळे मला या घराविषयी जितका भरवसा वाटला तितका कुठल्याही दाखल्याने वाटला नाही.

सर्वांत किचकट भाग होता अमेरिकेतील भावाचा. जमीन किंवा घर ५० लाखांचे वा त्याहून अधिक किमतीचे असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. परंतु विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा, असेल तर त्याच्या हिश्शाला हा १ टक्का लागू होत नाही. तेथे तेव्हाच्या, १९६१ सालच्या आयकर कायद्याचे कलम १९५ येत होते. २०२२ मध्ये, म्हणजे आमच्या व्यवहाराच्या वेळी, दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा दर होता, आणि किमतीची ५० लाखांची मर्यादा या कलमाला नव्हती. नफा किती हे खरेदीदाराने आपल्या मनाने ठरवायचे नसते. विक्रेत्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले तर त्यात लिहिल्याप्रमाणे कापायचे. त्यासाठी खरेदीदाराला स्वतःचा टॅन क्रमांक, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, घ्यावा लागला, वेगळे विवरणपत्र भरावे लागले आणि विक्रेत्याला कपातीचा दाखला द्यावा लागला. कपात केली नाही तर दायित्व खरेदीदाराच्या गळ्यात येते, विक्रेता तोवर विमानात बसलेला असतो. एजंटांपैकी एकानेही हा विषय आपणहून काढला नव्हता. धाकट्या भावाने अर्ज करून प्रमाणपत्र आणले, आणि तसे आणल्यामुळे त्याचाच मोठा पैसा अडकून पडण्यापासून वाचला.

त्याला स्वतः येणे जमणार नव्हते, म्हणून त्याने थोरल्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर साक्षांकित झालेले असावे लागते आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. लिफाफ्यावरच्या टपालाच्या शिक्क्याची तारीख मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवली, आणि वकिलांनी तो लिफाफाही फायलीत जपून ठेवायला सांगितला.

खरेदीखत माझ्या नावावर झाले. १ एप्रिल २०२१ पासून घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळू लागली होती. मात्र ती घेतली तर पुढील पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट तेव्हा होती, जी पुढे २०२३ मध्ये काढण्यात आली. ही अट सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. पंधरा वर्षं म्हणजे माझ्या हयातीत तरी मला इथनं कोणी हलवत नाही.” दुय्यम निबंधक कार्यालयातला दिवस मात्र, ज्याची सगळ्यांना धास्ती असते, विशेष काही न घडता गेला: अंगठे, फोटो, ओळखदारांच्या सह्या, आणि १ टक्का पण कमाल ३० हजार रुपये एवढी नोंदणी फी. सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत हातात आली. त्यानंतर मालमत्ता पत्रकावर माझे नाव, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजमीटर यांवरची नावे बदलणे ही कामे उरली, आणि ती एकेक करून होत गेली.

राहायला आल्यावर पहिल्या काही रात्री कोणालाच नीट झोप लागली नाही. गावभागात आम्ही वेळ कानांनी ओळखत असू: पहाटेची देवळातली घंटा, दूधवाल्याच्या कॅनचा आवाज, नळाला पाणी आल्यावर एकाच वेळी चार घरांतून उठणारा भांड्यांचा कल्ला, भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या. सासूबाईंना तर पलीकडे आज आमटी आहे की पिठले हेही कळायचे. विश्रामबागेत त्या पहाटे उठून अंथरुणावर बसून राहायच्या आणि म्हणायच्या, “इथं घड्याळ बघावं लागतंय गं.” रात्री एकच आवाज स्पष्ट येई, तो विश्रामबाग स्थानकावरून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीचा. दिवसा ती गाडी ऐकू येत नाही, रात्री मात्र तिच्या डब्यांची खडखड सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग ऐकू येते. महिनाभरात आम्हाला तिचीही सवय झाली आणि मग तीही ऐकू येईनाशी झाली.

या शांततेचे श्रेय इथले रहिवासी स्वतःला घेतात. सुशिक्षित, सुसंस्कृत वस्ती आहे, लोक मोठ्याने बोलत नाहीत, असे मला येथे आल्यावर अनेकांनी अभिमानाने सांगितले. माझे मत याहून वेगळे आहे आणि ते मोजपट्टीवर आधारलेले आहे. आमच्या मंजूर नकाशात घर आणि कुंपण यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळी जागा आहे. शेजाऱ्यांच्याही नकाशात तितकीच आहे. म्हणजे आमच्या आणि त्यांच्या खिडक्यांमध्ये वीस फूट हवा, दोन कुंपणे आणि एक पेरूचे झाड आहे. वाड्यात आमचे आणि शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर एकाच भिंतीला पाठ लावून होते. समोरचा रस्ता चाळीस फुटी आहे आणि पुढे एका आवाराच्या भिंतीला जाऊन थांबतो, त्यामुळे ज्याचे घर इथे आहे किंवा ज्याला इथल्या कोणाकडे यायचे आहे, तोच या रस्त्यावर येतो. हरभट रोडवर मात्र साऱ्या सांगलीला जायचे असते. माझ्या पतींचा फोनवरचा आवाज गावभागात असताना तीन घरांना ऐकू जाई. तो आजही तेवढाच मोठा आहे, पण इथे तो पोर्चच्या पुढे जात नाही, आणि शेजारचे निवृत्त डॉक्टर माझ्याजवळ त्यांचे वर्णन “फार सौम्य गृहस्थ” असे करतात. माणसे तीच असतात. अंतर बदलले की त्यांचा लौकिक बदलतो.

अंतराचा दुसरा परिणाम म्हणजे इथे माणसांना एकमेकांची खबर नसते. समोरच्या घरातले आजोबा आजारी आहेत हे आम्हाला त्यांच्या घरच्यांकडून कळले नाही. धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंकडून कळले, ज्या आमच्याकडे, त्यांच्याकडे आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांत काम करतात. या कॉलनीत सगळ्या घरांच्या आत पाऊल असलेली माणसे तीच: कामाच्या बायका, माळी, गॅसवाला. सासूबाईंनी हे आमच्या आधी ओळखले. दुपारी चारच्या सुमारास कामे आटोपून घरी निघालेल्या बायका आमच्या फाटकापाशी टेकू लागल्या, सासूबाई चहा पाठवू लागल्या, आणि दोन महिन्यांत कोणाच्या मुलाचे लग्न ठरले, कोणाचा बंगला विक्रीला निघाला आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे आमच्याच घरात सर्वांत आधी कळू लागले. कॉलनीतल्या एका बाईंना हे फारसे रुचले नाही. फाटकापाशी बसणे “इथे बरे दिसत नाही” असे त्यांनी मला सौम्य शब्दांत सुचवले. मी ते सासूबाईंच्या कानावर घातले नाही.

शांतता टिकवण्याचे काम मात्र कागदावर चालते, आणि ते सतत चालते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते. रात्री दहानंतर कोठे ध्वनिवर्धक सुरू राहिला तर ११२ क्रमांकावर फोन करावा लागतो, आणि तो करताना आपले नाव सांगायचे की नाही यावर कॉलनीच्या ग्रुपवर ध्वनिवर्धकापेक्षा जास्त गलका होतो. खरा वाद पेटला तो कोपऱ्यावरच्या बंगल्यात शिकवणीचे वर्ग सुरू झाल्यावर. संध्याकाळी पाच ते आठ गल्लीच्या तोंडाशी दुचाक्यांची रांग लागे, पालक इंजिन चालू ठेवून उभे राहत, आणि मुले बिचारी जेवढी मुले बोलतात तेवढीच बोलत. महापालिकेकडे सामूहिक तक्रार द्यायचे ठरले आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मसुदा लिहिण्यापूर्वी मी नियमावली वाचली. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि निवासी विभागात केवळ राहणेच चालते असे ती म्हणत नाही. दवाखाना, कार्यालय, शिकवणी अशा काही वापरांना ती अटींवर वाव देते. तक्रारीवर पहिली सही करायला निघालेल्या गृहस्थांच्याच तळमजल्यावर त्यांच्या मुलाचा दवाखाना आहे आणि त्याच्या रुग्णांच्या गाड्या आमच्या फाटकासमोर उभ्या राहतात. हे मी बैठकीत बोलले तेव्हा काही क्षण कोणीच काही बोलले नाही, मग दवाखाना ही समाजसेवा आहे असा मुद्दा निघाला. अखेर वर्ग बंद करा ही मागणी आम्ही काढून टाकली आणि वाहने आवाराच्या आत लावावीत व रस्ता मोकळा ठेवावा एवढीच ठेवली. वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांनी बंगल्याचे पुढचे कुंपण आत घेतले, दुचाक्या आत गेल्या, आणि दवाखान्याच्या गाड्या आहेत तेथेच राहिल्या.

झाडांच्या बाबतीतही असेच असते. मागच्या कुंपणालगतचा जुना गुलमोहर एका बाजूला झुकला होता आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर पडेल अशी भीती होती. शहरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. स्वतःच्या आवारातले झाडही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. आम्ही अर्ज केला, पाहणी झाली, आणि झाड न तोडता झुकलेल्या फांद्या तेवढ्या उतरवण्याची परवानगी मिळाली. शेजारी नाराज झाले. गुलमोहर पुढच्या मे महिन्यात उरलेल्या फांद्यांवर फुलला.

२०२४ च्या पावसाळ्यात आयर्विन पुलावरचा आकडा इशारा पातळीकडे सरकू लागला तसे दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुले आणि वाड्यातलेच आणखी एक कुटुंब आमच्याकडे राहायला आले. दुकानातला माल आधीच वर चढवून झाला होता. हॉलमध्ये अंथरुणे पडली, सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागू लागली, टीव्हीवर पातळीच्या बातम्या चालू आणि त्यावर सगळ्यांचे एकाच वेळी भाष्य चालू, की कोयना धरणातून किती सोडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडायला हवे होते. सासूबाईंची तब्येत त्या आठवड्यात एकदम सुधारली. मला कॉलनीतून तक्रार येईल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात शेजारच्या डॉक्टरांनी विचारले ते एवढेच, की गावभागातून आणलेल्या दोन स्कूटर त्यांच्या पोर्चमध्ये लावायच्या आहेत का. घरात चौदा माणसे आहेत हे त्यांना स्कूटरवरूनच कळले होते. पाणी ओसरल्यावर मंडळी परत गेली.

आता प्रश्न उभा राहिला आहे तो डाव्या बाजूच्या प्लॉटचा. तोही असाच बंद बंगला होता, तोही वारसांनी विकला, आणि घेणारा बांधकाम व्यावसायिक आहे. नव्या नियमावलीत मूळ चटईक्षेत्रावर, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामावर, आणखी किती मिळू शकते हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता जितका रुंद तितकी इमारत मोठी होऊ शकते. म्हणजे ज्या चाळीस फुटी रस्त्यामुळे ही कॉलनी इतकी वर्षे निवांत राहिली, त्याच रस्त्यामुळे इथे मजल्यांवर मजले चढवणे परवडू लागले आहे. गावभागातल्या बोळात कोणीही बांधकाम व्यावसायिक टेप घेऊन येत नाही.

इथे टेप घेऊन माणसे आली, आणि त्यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत रस्ता मोजला. मापात तो चाळीस फुटांना जवळपास पाच फूट कमी भरला, कारण जवळजवळ प्रत्येक बंगल्याने आपल्या कुंपणाबाहेर, म्हणजे महापालिकेच्या रस्त्यावर, फुलझाडांचा वाफा करून त्याला विटांची कड आणि काही ठिकाणी लोखंडी जाळी लावली आहे. बाहेरून येणाऱ्याला कॉलनीचे जे देखणेपण पहिल्यांदा दिसते, ते या अतिक्रमणाचे आहे. आमची बोगनवेलही त्यातच मोडते. बांधकाम व्यावसायिकाला मंजूर रेखांकनातली पूर्ण रुंदी जागेवर दाखवायची आहे, त्यामुळे वाफे काढण्याविषयी त्याने सर्वांना नम्र पत्र दिले आहे, आणि पत्र नम्र असले तरी नियम त्याच्या बाजूने आहे. आमचा वाफा आम्ही काढला. बोगनवेलीची मुळे फाटकाच्या खांबाखाली गेली होती, माळ्याने ती अर्धी तोडूनच आतल्या बाजूला लावली, आणि ती धरेल की नाही हे त्याने सांगितले नाही.

इमारत होऊ नये असे म्हणण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. ती किती उंच होणार आणि आमच्या बाजूला किती जागा सोडणार, एवढे मात्र पाहायचे आहे, कारण इमारतीची उंची वाढली की बाजूला सोडायचे सामासिक अंतरही वाढवावे लागते. त्यासाठी मंजूर नकाशाची प्रत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात मी नगररचना विभागाकडे अर्ज दिला आहे. कॉलनीतील काही मंडळींनी स्थगितीसाठी वकील गाठला आहे आणि वर्गणी मागितली आहे. नकाशा हातात आल्यावर वर्गणीचे बघू असे मी त्यांना कळवले आहे.